घरच्या अंगणात पिकअपचं ऑइल आणि फिल्टर बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची गाडी २०१८ ची बोलेरो पिकअप, बीएस-४ म्हणजे धुराच्या जुन्या मानकाची. टोमॅटोच्या हंगामात पिंपळगाव बसवंत, उन्हाळ कांद्याला लासलगाव, मधल्या काळात शेजाऱ्यापाजाऱ्यांची भाडी. नाशिकच्या मखमलाबादला घरासमोर जागा आहे, म्हणून ऑइल मी घरीच बदलतो. गाडीखालून पाय दिसले की येणारा-जाणारा थांबतो आणि तेच ते प्रश्न विचारतो. तोंडात फडकं धरून दर वेळी उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा लिहून काढलं. योद्धा, दोस्त, डी-मॅक्स, कुठलीही डिझेल पिकअप असली तरी पद्धत तीच आहे. आकडे मात्र आपापल्या गाडीच्या पुस्तकातूनच घ्या.

घरी केलं तर पैसे किती वाचतात?

फार नाही. मजुरीचे काहीशे रुपये. ऑइल आणि फिल्टरचा खर्च तुम्ही करा नाहीतर मेकॅनिकने करो, तेवढाच. त्यातून पहिल्या वेळी घमेलं, पाना, नरसाळं घ्यावं लागतं, म्हणजे सुरुवातीला तोटाच.

मी सुरुवात केली ती वेगळ्याच कारणाने. एकदा एका गॅरेजात गाडी टाकली होती. बिलात ऑइल, फिल्टर, वायसर, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. घरी आल्यावर सहज खाली वाकून पाहिलं तर फिल्टरवर मागच्या वेळची तारीख, माझ्याच अक्षरात, मार्करने लिहिलेली. फिल्टर डिझेलने पुसून चकचकीत केला होता, पण पुसणाऱ्याने मागची बाजू काही पुसली नव्हती. भांडायला गेलो नाही. दुसऱ्या दिवशी पाना विकत आणला. इंजिनात काय गेलं हे आपल्याला पक्कं माहीत असतं, घरी करण्याचा फायदा तेवढाच, आणि मला तो पुरतो.

गाडी वॉरंटीत आहे. तरी घरी केलं तर चालेल?

नको. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्या आणि पुस्तकावर शिक्का घ्या. उद्या इंजिनाचं काही निघालं तर पहिला प्रश्न सर्व्हिसचाच येतो. वॉरंटी संपली की या अंगणात.

किती किलोमीटरला बदलायचं?

पुस्तकात आकडा असतो, आणि त्याच पानावर बारीक अक्षरात आणखी एक गोष्ट असते: गाडी धुळीत, जड मालासह, थोड्या थोड्या अंतरावर किंवा बराच वेळ जागेवर चालू ठेवून वापरत असाल तर लवकर बदला. हे वाचून सांगा, आपल्याकडची कुठली पिकअप यात बसत नाही? शेतातल्या रस्त्याची धूळ, कॅरेटवर कॅरेट चढवलेला माल, कसाऱ्याच्या घाटात दुसऱ्या गिअरवर चढण.

सगळ्यात फसवा प्रकार जागेवर चालू ठेवण्याचा. हंगामात बाजार समितीच्या दाराशी रांग लागली की इंजिन चालू, गाडी दहा फूट पुढे, परत थांब. दोन-तीन तास असे जातात. मीटर एक किलोमीटरही पुढे सरकत नाही, पण ऑइल तेवढे तास राबलेलं असतं. म्हणून मी टोमॅटोच्या हंगामात पुस्तकातले किलोमीटर पूर्ण होण्याची वाट बघत नाही. पुस्तकात दिलेल्या अंतराच्या साधारण दोन तृतीयांशावर बदलतो. एरवी पुस्तकाप्रमाणे.

गाडी वर्षभर उभीच असली तरी वर्षातून एकदा बदलायचं. उभ्या गाडीतही ऑइलमध्ये ओल आणि आम्ल साचतं.

कुठलं ऑइल घ्यायचं? दुकानदार तर दर वेळी वेगळा डबा काढतो.

डब्यावरचं मोठं नाव सोडा, लहान अक्षरं वाचा. तिथे दोन गोष्टी असतात.

पहिली जाडी. १५डब्ल्यू-४० असं लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे विंटर, त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो. मागचा ४० म्हणजे १०० अंश सेल्सिअसला, इंजिन तापल्यावर, ते किती जाड राहतं. जुन्या डिझेल पिकअपना बहुतेक १५डब्ल्यू-४० सांगितलेलं असतं, नव्यांपैकी काहींना ५डब्ल्यू-३०.

दुसरी दर्जा. एपीआय सीआय-४, सीके-४ असं काहीतरी. सी हे अक्षर डिझेलचं, एस पेट्रोलचं. पेट्रोल गाडीचं उरलेलं ऑइल डिझेलमध्ये ओतायचं नाही, भले ते महागाचं असो.

आता बीएस-६ वाल्यांनी नीट ऐका. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ झाल्या. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारी एक जाळी असते, डीपीएफ. साध्या ऑइलमधली काही रसायनं जळाली की राख होते. काजळी जाळता येते, राख जळत नाही. ती जाळीत कायमची बसते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं आणि पुस्तकात त्याचा दर्जा स्पष्ट लिहिलेला असतो. दोन-चारशे रुपये वाचवायला जुन्या गाडीचं ऑइल ओतलंत तर आज काही होणार नाही. पुढे जाळी तुंबेल आणि ती बदलायचा खर्च ऐकला की पाणी प्यावं लागतं.

निफाडला पारा पार खाली जातो. हिवाळ्यात पातळ ऑइल घ्यायचं का?

गरज नाही. निफाडला पारा पाच अंशांच्या खाली गेला की पेपरात बातमी येते, खरं आहे. पण १५डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी उणे २० अंशांना होते. आपली थंडी त्याला गुलाबी. पहाटे गाडी सुरू व्हायला कुरकुर करत असेल तर आधी बॅटरी बघा, थंडीत सिलिंडर तापवणारे ग्लो प्लग बघा.

ऑइल किती लागतं?

बहुतेक पिकअपना पाच ते सात लिटर. फिल्टर बदलून आणि न बदलता असे दोन आकडे पुस्तकात असतात, त्यातला फिल्टरसकटचा धरा. सगळं एकदम ओतायचं नाही. अर्धा-पाऊण लिटर हाताशी राखून ठेवायचं, ते कधी ते पुढे येईल.

डबा बनावट नाही हे कसं ओळखायचं?

ओळखीच्या, बिल देणाऱ्या दुकानातून घ्या, अर्धं काम तिथेच होतं. बुचाची रिंग आधी तुटलेली नको. बुचाखालचं सील सपाट आणि घट्ट हवं. डब्यावरचा बॅच नंबर आणि तारीख पुसट नको. काही कंपन्या खरवडून बघायचा कोड देतात, तो आळस न करता तपासा. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळालं तर खूश होऊ नका.

आणखी एक, जे कुणी करत नाही. रिकामा डबा भंगारवाल्याला तसाच देऊ नका. चांगल्या कंपनीचा धड डबा बुचासकट गेला की तो परत भरून येण्याची सोय आपणच करून देतो. मी पोटात कोयत्याचा एक घाव घालतो आणि मग देतो. भंगारवाला वजनावर घेतो, त्याला फरक पडत नाही.

फिल्टर दर वेळी बदलायलाच हवा का? एकाआड एक चालणार नाही?

मी दर वेळी बदलतो. फिल्टरच्या डब्यात घडीघडीचा कागद असतो, त्यात कचरा अडकतो. कागद तुंबला तर इंजिन कोरडं पडू नये म्हणून आत एक झडप असते. ती उघडली की ऑइल गाळल्याशिवाय थेट जातं. म्हणजे तुंबलेला फिल्टर गाडी बंद पाडत नाही, फक्त गाळणं बंद करतो, आणि आपल्याला कळतही नाही. शिवाय जुन्या फिल्टरात अर्धा-पाऊण लिटर काळं ऑइल राहतं, ते नव्यात मिसळतं. आंघोळ करून मळका सदरा घालण्यातला प्रकार.

स्वस्तातल्या फिल्टरात आणखी एक खोट असते. गाडी बंद केल्यावर ऑइल खाली उतरू नये म्हणून आत रबराची पातळ चकती असते. ती हलकी असली की रात्रीतून फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते. फिल्टर कंपनीचाच किंवा कंपनीला माल पुरवणाऱ्या नावाजलेल्या ब्रँडचा घ्या.

सामान काय काय लागतं?

चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाला ऑइल साठतं त्या भांड्याच्या, नटाच्या मापाचा रिंगपाना किंवा सॉकेट. फिक्स पाना नको, कोपरे झिजतात. पट्ट्याचा फिल्टर पाना. रुंद घमेलं, पण त्यात आठ-नऊ लिटर मावायला हवं. आमच्याकडे सिमेंटकामातलं एक घमेलं मी याच कामासाठी अडकवून ठेवलंय आणि घरात सगळ्यांना बजावलंय की त्यात आता वाळूसुद्धा भरायची नाही. नरसाळं, नवा तांब्याचा वायसर, रबरी हातमोजे, जुनी फडकी, बॅटरी किंवा हेडलॅम्प. सांडलेल्यावर टाकायला भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा. इगतपुरीकडे कुणी ओळखीचं असेल तर तूस पोत्याने मिळतं.

जॅक लावून गाडी उचलावी लागते का?

पिकअपचा हाच तर फायदा आहे. गाडी उंच असते, अंगाने बेताचा माणूस पोतं अंथरून तसाच खाली सरकतो. मी जॅक लावतच नाही.

तुम्हाला लावावाच लागला तर एकच नियम: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. दोन मिनिटांसाठीही नाही. स्टँड लावा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे द्या, हँडब्रेक ओढा, गाडी हलवून बघा. आपली काळी माती तर अशी की उन्हाळ्यात दगडासारखी वाटते आणि एका पावसात लोणी होते. त्या मातीवर जॅक ठेवला की सावकाश एका अंगाला रुततो, आवाजही होत नाही. कोबा किंवा फरशी नसेल तर हे काम त्या दिवशी करू नका.

जागा सपाट हवी, कारण शेवटी ऑइल मोजायच्या पट्टीवर माप घ्यायचं असतं. आणि गाडी रिकामी करून घ्या.

इंजिन गरम असताना काढायचं की थंड?

कोमट. थंड ऑइल जाड असतं, तळाचा गाळ खाली सोडून येतं. मार्केटवरून थेट आल्या-आल्या नट काढला तर उकळत्या तेलात हात घातल्यासारखं. गाडी उभी असेल तर पाच-सात मिनिटं चालवून बंद करा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. मार्केटवरून आलेली असेल तर आधी जेवून घ्या.

चेंबरचा नट कसा काढायचा आणि कितपत आवळायचा?

काढण्याआधी वर बॉनेट उघडून ऑइल भरायचं झाकण ढिलं करून या. हवा मिळाली की धार सलग येते. ती चेंबरच्या बाजूने आडवी बाहेर येत असेल तर घमेलं हातभर पुढे ठेवा. सुरुवातीला धार तिरकी लांब जाते, नंतर सरळ खाली पडते. पहिल्या वेळी मी घमेलं बरोबर नटाखाली ठेवलं होतं आणि पहिला अर्धा लिटर फरशीने प्यायला.

खाली आडवं झाल्यावर डावं-उजवं उलटं वाटतं आणि भलेभले नट सोडायच्या ऐवजी आवळत बसतात. नटाच्या डोक्याकडे बघत असाल तर घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. पहिला झटका पान्याने, मग बोटांनी. शेवटच्या आट्याला नट वरच्या बाजूला दाबून धरा आणि एकदम बाजूला घ्या. घमेल्यात पडलाच तर पडू द्या, गरम ऑइलमध्ये हात घालून शोधू नका.

आता आवळण्याबद्दल. चेंबरचे आटे जातात ते बहुतेक कुणीतरी पान्याला पाईप घालून ताकद दाखवल्यामुळे. तांब्याचा वायसर मऊ असतो, तो थोडा चेपला की झालं. म्हणूनच तो दर वेळी नवा घ्यायचा. नट आधी बोटांनी शेवटपर्यंत बसवा. बोटांनी फिरत नसेल तर तिरका लागलाय, सोडा आणि परत लावा. मग टॉर्क पाना असेल तर पुस्तकातल्या आकड्याला. नसेल तर आखूड रिंगपान्याने एका हाताने घट्ट. दोन्ही हात आणि पायाचा टेकू लागत असेल तर जास्त होतंय. गळतंय का हे शेवटी बघायचंच असतं, एखादा थेंब दिसला तर तेव्हा जरासं आवळता येतं. गेलेले आटे मात्र परत येत नाहीत.

किती वेळ निथळू द्यायचं?

धार थांबून थेंब-थेंब व्हायला पंधरा-वीस मिनिटं. चहाला तेवढी पुरतात.

फिल्टर हलतच नाही. स्क्रू-ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवू का?

सगळे हाच उपाय सांगतात आणि मला तो पटत नाही. पत्रा फाटतो, फिल्टर तिथेच राहतो आणि धरायलाही काही उरत नाही. आधी हात आणि फिल्टर दोन्ही साबणाच्या पाण्याने पुसून कोरडे करा, ऑइल लागलेल्या हाताने पकड बसत नाही. मग फिल्टरवर पॉलिश पेपरची पट्टी गुंडाळून जोर लावा. तरी नाही तर पट्ट्याचा पाना, पण फिल्टरच्या इंजिनाकडच्या टोकाशी, जिथे पत्रा मजबूत असतो. सुटल्यावर तोंड वर ठेवूनच बाहेर काढा, आत ऑइल भरलेलं असतं.

काही नव्या गाड्यांत बाहेरचा डबा कायमचा असतो आणि आतला कागदाचा एलिमेंट तेवढा बदलतात. तिथे झाकणाची गोल रबरी रिंग एलिमेंटबरोबरच नवी येते, ती खोक्यातच विसरू नका.

नवा फिल्टर बसवताना सगळ्यात जास्त चूक कुठे होते?

जुन्या रबरी रिंगेत. फिल्टर निघतो, पण त्याची रिंग कधीकधी इंजिनाच्या तोंडाला चिकटून राहते. काळ्यावर काळं, दिसत नाही. त्यावरच नवा फिल्टर बसवला की दोन रिंगा एकावर एक येतात. जागेवर गाडी चालू करून बघितलं तर काही गळत नाही. रस्त्याला लागून ऑइलचा दाब वाढला की वरची रिंग सटकते.

माझ्याच बाबतीत घडलंय. दुसऱ्या-तिसऱ्या वेळची गोष्ट, आता आपल्याला सगळं येतं असं वाटायला लागलं होतं. दिंडोरी रस्त्याला लागलो आणि मागचा मोटरसायकलवाला हॉर्न वाजवत बाजूला आला, म्हणाला, "काका, खाली बघा, धार लागलीय." त्याच क्षणी डॅशबोर्डवर लाल किटलीचा, म्हणजे ऑइलच्या दाबाचा दिवा. चावी बंद केली, गाडी कडेला. उतरून पाहिलं तर डांबरावर एक लांबलचक काळी रेघ, लांबून सावलीसारखी दिसणारी. बाकी मोटरसायकली घसरू नयेत म्हणून त्या पोराने आणि मी शेतातली माती ओंजळीने आणून टाकली. गाडी ओढत घरी आणली. इंजिन वाचलं ते लगेच बंद केलं म्हणून.

तेव्हापासून काढलेला फिल्टर उलटा करून त्यावर रिंग आहे ना हे आधी बघतो, मग इंजिनाच्या तोंडावरून बोट फिरवतो. डोळ्यांवर भरवसा नाही, बोटावर आहे.

नव्या फिल्टरच्या रिंगेला नव्या ऑइलचं बोट लावा. हाताने फिरवत न्या, रिंग टेकली की तिथून साधारण पाऊण फेरा, हातानेच. फिल्टरवर किंवा खोक्यावर किती फिरवायचं ते छापलेलं असतं. पाना फक्त काढायला, बसवायला नाही.

नवा फिल्टर आधी ऑइलने भरायचा का?

तोंड वर करून उभा बसत असेल तर अर्धा-पाऊण भरा, कागदाला ऑइल प्यायला दोन मिनिटं द्या. आडवा बसत असेल तर सांडेल, राहू द्या. भरताना स्वच्छ नरसाळ्याने आणि बाहेरच्या भोकांतून. मधलं भोक गाळलेल्या बाजूचं असतं, तिथून पडलेला कचरा थेट बेअरिंगमध्ये जातो.

भरल्यावर गाडी सुरू कशी करायची?

पुस्तकातल्या मापापेक्षा थोडं कमी ओता, झाकण लावा. झाकण रेडिएटरवर विसरून जाणारे लोक मी पाहिलेत. गाडी सुरू करा आणि अॅक्सिलरेटरला पायही लावू नका. लाल दिवा काही सेकंदांत विझायला हवा. नाही विझला तर लगेच बंद. टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा, दांडा ऑइलच्याच आधाराने फिरतो, कोरड्यावर रेस दिली तर नुकसान तिथे आधी होतं.

दोन-तीन मिनिटं चालू ठेवून खाली बॅटरी मारा, नट आणि फिल्टर दोन्हींवर. बंद करा. दहा मिनिटांनी पट्टी काढा, पुसा, परत घाला, मग बघा. राखून ठेवलेलं ऑइल आता थोडं-थोडं घालायचं. वरच्या खुणेच्या किंचित खाली आलं की बस. बीएस-६ वाल्यांची सर्व्हिसची सूचना डॅशबोर्डवर राहिली असेल तर ती घालवायची पद्धत पुस्तकात आहे.

थोडं जास्त भरलं गेलं तर बिघडतं का?

दोन सुतं वर गेलं तर नाही. लिटरभर जास्त गेलं तर हो. क्रँक, म्हणजे इंजिनाचा खाली फिरणारा मुख्य दांडा, त्यात आपटून फेस करतो, फेसाळलेलं ऑइल दाब धरत नाही. डिझेल इंजिनात ते श्वासनळीतून हवेच्या वाटेने आत ओढलं गेलं तर इंजिन त्याच ऑइलवर आपोआप पळू शकतं, चावी बंद केली तरी. नट जरासा ढिला करून जास्तीचं काढून घ्या, "जळेल हळूहळू" म्हणून सोडू नका.

नवं ऑइल दोन दिवसांत काळं झालं. दुकानदाराने फसवलं का?

नाही. डिझेलमध्ये काजळी तयार होतेच आणि ती धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. काळं पडत नसेल तर उलट विचार करा की काजळी बसते कुठे. बोटांवर घेऊन चिकटपणा बघणारे जाणकारही भेटतील. चिकटपणावरून फार काही कळत नाही.

मग निघालेल्या ऑइलमध्ये बघायचं तरी काय?

तीन गोष्टी. दुधाळ, चहासारखा रंग असेल तर कूलंट किंवा पाणी शिरलंय, गाडी सुरू न करता मेकॅनिकला बोलवा. उन्हात धरल्यावर चमचम दिसली तर धातू झिजतोय. चेंबरच्या नटाला चुंबक असेल तर त्यावर करड्या लोण्यासारखा थर असतो, तो चालतो, बोटाला टोचणारे तुकडे चालत नाहीत. आणि निघालेलं ऑइल घातलेल्यापेक्षा बरंच कमी भरलं तर ते जळतंय किंवा गळतंय.

माझ्या बीएस-६ गाडीत ऑइलची पातळी उलट वाढतेय. हे कसं शक्य आहे?

शक्य आहे. डीपीएफमधली काजळी जाळायला गाडी मधूनमधून जास्तीचं डिझेल सोडते. गावातल्या गावात फेऱ्या असल्या की ही जळण अर्धवट राहते आणि काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. पट्टीला डिझेलचा वास आला, पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली तर तारीख न बघता ऑइल बदला. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग सांभाळत नाही. आठवड्यातून एकदा गाडी मुंबई-आग्रा महामार्गावर सलग अर्धा तास एका वेगाने पळवा, जळण पूर्ण होते.

डिझेल ओतून इंजिन आतून धुवायचं का?

नाही. डिझेलवर इंजिन फिरवलं तर बेअरिंगला आधारच उरत नाही, आणि सुटलेला गाळ पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. वेळेवर ऑइल बदलणं हेच धुणं. कुठल्याही जादूच्या बाटल्यांबद्दलही माझं हेच उत्तर.

जुन्या ऑइलचं काय करायचं? नाल्यात नाही, हे माहीत आहे, पण मग कुठे?

हा प्रश्न खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवा, ऑइल काढण्याच्या आधी.

निघालेलं सगळं ऑइल नव्याच्याच रिकाम्या कॅनमध्ये भरा. त्यात पाणी, कूलंट, ब्रेक ऑइल काहीही मिसळू नका, मिसळलं की ते पुन्हा शुद्ध होण्याच्या कामाचं राहत नाही. जुना फिल्टर रात्रभर घमेल्यावर उलटा ठेवा, आणखी निघतं. मग कॅन तुमच्या ऑइलच्या दुकानदाराकडे किंवा मोठ्या गॅरेजकडे द्या, पण आधी विचारा की त्यांच्याकडून ते कोण नेतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेला पुनर्प्रक्रियावाला नेत असेल तरच. वापरलेलं ऑइल कायद्याने धोकादायक कचऱ्यात मोडतं, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा करून प्रक्रियेला पोहोचवण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. दुकानदार "आम्ही घेत नाही" म्हणाला तर हे सांगून बघा.

आता गावातले उपयोग. टोमॅटोच्या बांबूंची टोकं वाळवी लागू नये म्हणून जुन्या ऑइलात बुडवतात. आमच्याकडेही बुडवायचे. पण ते बांबू जिथे रोवतो तिथली माती आपलीच आणि विहीरही आपलीच. त्या काळ्या ऑइलात इंजिनाचे धातू आणि कॅन्सरला कारण ठरणारी रसायनं असतात. गोचीड जावेत म्हणून जनावराच्या अंगाला चोळणारेही आहेत. जनावर अंग चाटतं, पुढचं तुम्हीच समजा. सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला मागायला येतात, त्यांनाही मी देत नाही, दोन शब्द ऐकून घेतो.

आणि नाला म्हणाल तर सातपूर, सिडकोकडून येणारी नासर्डी, जिला आता नंदिनी म्हणतात, ती टाकळीला गोदावरीलाच मिळते. पावसाळ्याच्या पहिल्या सरीला पुलावर उभं राहून पाण्यावरचे इंद्रधनुष्यी पट्टे बघा. ते आकाशातून पडलेले नसतात.

फ्लॅटमध्ये राहतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये करू का?

आधी विचारा. बहुतेक ठिकाणी नाही म्हणतील, आणि मला त्यांचंच बरोबर वाटतं. उतार असतो, लादीवरचा डाग जात नाही, आणि पार्किंगचं पाणी पावसाळी गटारात जातं. ज्याच्याकडे कोबा केलेलं खळं आहे असा मित्र शोधा. त्याच्याही गाडीचं होऊन जाईल.

अंगाला, फरशीला लागलेलं ऑइल कसं काढायचं?

हाताला पेट्रोल लावू नका, कातडी फाटते. कपडे धुण्याच्या पावडरीत चमचाभर साखर घालून कोरड्या हातावर चोळा, मग पाणी. फरशीवर तूस किंवा भुसा रात्रभर टाकून ठेवा, सकाळी झाडून पोत्यात भरा, तिथेही पाण्याने ढकलून देऊ नका.

एवढं सगळं लक्षात कसं ठेवायचं?

लक्षात ठेवू नका, लिहा. बिलं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, गाडी विकताना उपयोगी पडतात. फिल्टरवर मार्करने तारीख आणि किलोमीटर, मागच्या बाजूलाही. आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये चाळीस पानी वही. माझ्या वहीतलं शेवटचं पान असं आहे:

"रविवार, सकाळी. १५डब्ल्यू-४०, सीआय-४. फिल्टर नवा, वायसर नवा. जुनी रिंग निघाली, बोट फिरवून बघितलं. नट कोरडा. एअर फिल्टर झटकला, कांद्याची टरफलं निघाली. डिझेल फिल्टरचं पाणी सोडलं, दोन चमचे. काळं ऑइल पावणेसहा लिटर, दुकानात पोचवायचं आहे."

त्याखाली दुसऱ्या पेनने, दुसऱ्या अक्षरात: "पोचवलं. घमेलं परत बाथरूमसमोर ठेवलंत, उचला."